तणापासून द्रवखत

(शेतातले आणि अंगणातले तण उपटून आपण फेकून देतो. त्याच तणापासून घरच्या घरी खत कसे तयार करावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत ‘खत’ म्हणजे पत्र. मराठीत मात्र ‘खत’ म्हणजे झाडाचे अन्न. उर्दूत तुम्ही त्याला ‘खाद’ म्हणता. आज आपण बिनपैशाच्या एका खताची ओळख करून घेऊ.

अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या डोंगरात चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण आहे. ते सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात तेथे भरपूर पाऊस पडतो. उतारावरून माती वाहून जाते आणि मातीबरोबर पिकाचे अन्नही जाते. त्याच दिवसांत बांधावर व रस्त्याच्या कडेला तरोटा दाटीने उगवतो. काही भागांत त्याला टाकळा म्हणतात. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. पण तो शेतात माजला, की पीक खुरटते.

असे का होते? नत्र, स्फुरद आणि पालाश ही पिकाची मुख्य अन्नद्रव्ये. तण ती जमिनीतून ओढून घेते. म्हणजे तण हा पिकाचा चोरच! मग चोराकडून माल परत का घेऊ नये?

त्याची कृती सोपी आहे. फुले येण्यापूर्वीच तरोटा उपटा. मुळांची माती झटका आणि तण बारीक चिरा. एक किलो तण प्लॅस्टिकच्या बादलीत घालून त्यात दहा लिटर पाणी ओता. बादलीवर कापड घट्ट बांधा, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी काठीने ढवळा. तण कुजू लागले, की उग्र वास येतो; म्हणून बादली घरापासून व विहिरीपासून दूर, सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी पाणी गडद होते. ते गाळून घ्या. उरलेला चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

हे द्रवखत तसेच घालू नका. एक भाग खतात दहा भाग पाणी मिसळा आणि संध्याकाळी झाडाच्या बुडाशी घाला. आधी एकाच झाडाला देऊन पाहा. कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर ते शिंपडू नका. काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

दोन गोष्टी विसरू नका. तणनाशक फवारलेले तण कधीही घेऊ नका. गाजरगवतालाही हात लावू नका. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले आणि नंतर देशभर पसरले. त्याच्यामुळे अंगाला खाज सुटते आणि दम्याचा त्रास होतो.

द्रवखताने सगळे काम भागते असे नाही. त्यात स्फुरद थोडेच असते आणि त्याने मातीची धूपही थांबत नाही. त्यासाठी शेणखत हवे, बांधबंदिस्ती हवी. पण परसातल्या वांग्याला, मिरचीला ते चांगले मानवते. उद्या तण उपटाल, तेव्हा ते फेकण्यापूर्वी क्षणभर थांबा. तुमच्या हातात कचरा नाही, मातीचे देणे आहे. ते मातीला परत करा.

शब्दार्थ
तण – पिकात आपोआप उगवणारे नको असलेले गवत व झाडे
खुरटणे – वाढ थांबणे
चोथा – गाळल्यावर उरलेला भाग
मानवणे – अनुकूल होणे

स्वाध्याय
१. तणाला पिकाचा चोर का म्हटले आहे?
२. बादलीवर कापड का बांधावे?
३. ‘खत’ या शब्दाचे उर्दू व मराठी अर्थ सांगून दोन वाक्ये लिहा.