रात्री जेवणं झाल्यावर कोणतं रहस्य लावावं?

प्रश्न : आमचं गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला. रात्रीची लाइट असली की आमचे हे उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जातात. बिबट्याच्या धास्तीनं ते परत येईपर्यंत घरात कोणी झोपत नाही. तेवढ्या वेळात सासूबाई, मी आणि नववीतली मुलगी टीव्हीला नेट जोडून रहस्याचं काहीतरी बघतो. पण बघावं ते मुंबईचं, दिल्लीचं, नाहीतर परदेशातलं. आपल्याकडच्या गावातलं, शक्यतो मराठी असं काही सांगाल का?

उत्तर : सगळ्यात आधी ‘सामना’ लावा. राजकीय चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, पण त्याचा कणा अस्सल रहस्यकथेचा आहे. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन; १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवातही दाखवला गेला. साखर कारखाना उभा करणारे हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे निळू फुले. त्यांच्या गावात दारूच्या आहारी गेलेला, कुठून आला ते धड माहीत नसलेला एक मास्तर येऊन पडतो, तो म्हणजे श्रीराम लागू. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं, हा प्रश्न मास्तरच्या कानावर येतो आणि मग तो त्याला सोडतच नाही. मास्तरकडे वर्दी नाही, पुरावा नाही, गावात पत नाही. विचारत राहणं एवढंच त्याच्या हातात आहे, आणि तेवढ्यानं हिंदुराव हादरत जातात. ज्या घराचा ऊस दरवर्षी कारखान्याला जातो, त्या घराला हे गाव समजावून सांगावं लागत नाही. सासूबाईंनी तो कदाचित तरुणपणी पाहिलाही असेल. मुलीला शेजारी बसवून पुन्हा बघा.

रहस्यकथा चांगली की वाईट, हे मी एका गोष्टीवरून ठरवतो. संपल्यावर मनात कोण राहतं, मारणारा की मेलेला? खुन्याची हुशारी, त्याची चाल, त्याचा चष्मा एवढंच लक्षात राहिलं आणि ज्याचा जीव गेला त्याचं नावही आठवेना, तर ती कथा कितीही वेगवान असो, मी ती दुसऱ्याला सांगत नाही. ‘सामना’त मारुती कांबळे पडद्यावर फार वेळ नाही. तरी पन्नास वर्षं लोक त्याचंच नाव घेतायत.

याच कसोटीवर ‘मानवत मर्डर्स’ उतरते. सोनी लिव्हवर ऑक्टोबर २०२४मध्ये आलेली ही मराठी मालिका आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केली आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२पासून बायका आणि लहान मुलींचे खून होत गेले. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं या आशेपायी दिलेले ते बळी होते, असं तपासात पुढं आलं. मुंबईहून पाठवलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर मालिका बेतलेली आहे. त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकरांनी केली आहे. तपास कसा चालतो ते इथे नीट दिसतं : तोंड न उघडणारी माणसं, शेतातल्या वाटा, एकाच प्रश्नासाठी दहा वेळा गाठलेलं तेच घर. याच प्रकरणावर अमोल पालेकरांनी १९८१मध्ये ‘आक्रीत’ काढला होता, तोही तेंडुलकरांच्याच लेखणीतून. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडलं, तेही नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर. मानवतची मालिका बघताना ही चाळीस वर्षं डोक्यात ठेवा. ती मोठ्यांनीच बघावी. लहान मुलींचे खून नववीतल्या पोरीपुढे नकोत.

तिघींनी मिळून बघायला मला ‘बिनधास्त’ सुचतो. चंद्रकांत कुलकर्णींचा १९९९चा चित्रपट. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी, एक खून, आणि गोष्टीतली झाडून सगळी महत्त्वाची माणसं बायका. पुढं प्रियदर्शननं त्यावरून तमिळमध्ये चित्रपट केला. मैत्रिणीवर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न तुमच्या मुलीच्या वयाला अगदी जवळचा आहे, आणि गुंता शेवटपर्यंत सुटत नाही.

सासूबाईंसाठी राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ शोधा. १९६४चा, कृष्णधवल. वारलेल्या बायकोसारखी हुबेहूब दिसणारी बाई आरोपी म्हणून नवऱ्यासमोर उभी राहते. साधना आणि सुनील दत्तचा ‘मेरा साया’ यावरूनच निघाला. त्यांना गाणी पाठ असतील, मूळ मराठी आहे हे कदाचित नवीन असेल. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे.

‘दृश्यम’ तुम्ही पाहिलेला असणारच. तो पुन्हा बघताना साक्षीदारांकडे लक्ष द्या. मूळ गोष्ट जीतू जोसेफ यांची, मल्याळममधली. हिंदीत ती गोव्यात आणली आपल्या निशिकांत कामतनं. केबलचा धंदा करणारा, चौथी नापास माणूस सगळ्यांच्या आठवणीतली तारीख बदलून टाकतो. बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, कोणीही खोटं बोलत नाही, तरी सगळ्यांची साक्ष चुकते. आठवण किती कच्ची असते, हे इतक्या सोप्या रीतीनं मी दुसऱ्या कुठल्या हिंदी चित्रपटात पाहिलेलं नाही.

‘लपाछपी’ मात्र यजमान रानात असताना लावू नका. विशाल फुरियाचा हा २०१७चा भयपट. गरोदर बाई, उसाच्या फडात दडलेलं एकटं घर आणि त्या घराचं जुनं पाप. दिवसाउजेडी, सगळे घरात असताना बघा, पण बघा. त्यातलं रहस्य भुताचं कमी आणि आपल्या समाजाचं जास्त आहे.

प्रश्न : मी दौंड तालुक्यातला, केडगावजवळचा. ‘देवमाणूस’ खऱ्या घटनेवर आहे असं म्हणतात, ते खरं का? आणि पारगावची घटना झाल्यापासून घरातली म्हातारी माणसं म्हणतात, असलं काही घरात लावूच नका. त्यांचं बरोबर आहे का?

उत्तर : ‘देवमाणूस’चं मूळ वाई तालुक्यात आहे. ऑगस्ट २०१६मध्ये तिथं डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसाला अटक झाली. त्याच्यावर सहा खुनांचा आरोप आहे, आणि त्यातला सर्वांत जुना २००३ सालचा असल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. झी मराठीवरची मालिका २०२०मध्ये सुरू झाली. किरण गायकवाडनं काम फार ताकदीचं केलं, पण नेमकं त्यामुळेच मालिकेचा सगळा प्रकाश खुन्यावर पडला. मला त्या खऱ्या प्रकरणातली तेरा वर्षं जास्त छळतात. एक बाई घरातून गेली ती परत आली नाही, आणि एवढी वर्षं कोणी तिच्यापर्यंत पोचलं नाही. हीच बाजू बघायची असेल तर प्राइमवरची ‘दहाड’ बघा, २०२३ची. राजस्थानात एकामागून एक मुली नाहीशा होतात, पळून गेली असेल म्हणून घरचे गप्प, पोलीसही गप्प. सोनाक्षी सिन्हानं उभी केलेली फौजदार बाई एकेक नाव शोधून काढते.

पारगावचं म्हणाल, तर जानेवारी २०२३मध्ये भीमेच्या पात्रात एकाच कुटुंबातले सात मृतदेह मिळाले, त्यांत लहान मुलंही होती. आधी आत्महत्या वाटली, मग पोलिसांनी खुनाचा गुन्हा दाखल करून नातलगांनाच अटक केली. ज्यांनी ते नदीकाठावरून पाहिलं, त्यांना पडद्यावर दुसरा मृतदेह बघवत नसेल तर तो त्यांचा हक्क आहे. ते खोलीत असताना टीव्ही बंद ठेवा. तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर हेडफोन लावून ‘कोहरा’ बघा, नेटफ्लिक्सवर, पंजाबातली. शेतात सापडलेल्या एका मृतदेहामुळे किती घरं ढवळून निघतात, ते ती घाई न करता दाखवते.

प्रश्न : मुलं आमच्या मागं हेच बघतात. काही उपाय? (शिरूर)

उत्तर : २०२१च्या नियमांनुसार प्रत्येक ॲपला मालिकेवर वयाचा शिक्का द्यावा लागतो : सगळ्यांसाठी, सातच्या पुढे, तेराच्या पुढे, सोळाच्या पुढे आणि फक्त प्रौढांसाठी. तेरा किंवा त्याहून वरच्या शिक्क्याला कुलूप लावायची सोयही द्यावी लागते. ॲपच्या सेटिंगमध्ये मुलांचं वेगळं प्रोफाइल करा आणि तुमच्या प्रोफाइलला चार आकडी पिन द्या. पिन म्हणून गाडीचा नंबर ठेवू नका. तो त्यांना आधीच पाठ असतो.