चेंडू आणि पुस्तक

खेळाच्या नादीं लागलें कीं अभ्यास बुडतो, असें वडील मंडळी म्हणतात. आम्ही शिक्षकही म्हणतों. ही समजूत कितपत खरी, हें पाहावयाचें असल्यास नादिया नदीम या फुटबॉलपटु स्त्रीचें चरित्र अभ्यासावें.

तिचा जन्म १९८८ सालीं अफगाणिस्तानांतील हेरात शहरीं झाला. वडील सैन्यांत सेनानी होते. २००० सालीं तालिबाननें त्यांस ठार मारलें. मुलींस शाळा तर बंदच होती. तेव्हां आई पांच मुलींस घेऊन देश सोडून निघाली आणि पाकिस्तान व इटली या मार्गानें डेन्मार्कांत पोंचली. तेथें निर्वासितांच्या छावणीशेजारीं मुली फुटबॉल खेळत. त्यांस पाहून नादियाही खेळूं लागली.

पुढें ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघांत आली. २०१७ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत पहिला गोल तिचाच होता. तथापि हॉलंडनें तो सामना ४-२ असा जिंकला. २०२१ सालीं पॅरिसच्या संघाबरोबर तिनें फ्रान्सचें अजिंक्यपद मिळविलें. परंतु या धांवपळींत आर्हूस विद्यापीठांतील वैद्यकाचा अभ्यास तिनें सोडला नाहीं. २०२१ च्या सप्टेंबरांत गुडघा जायबंदी झाला. २०२२ च्या जानेवारींत ती डॉक्टर झाली! स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करण्याचें काम युनेस्कोनें तिजकडे २०१९ सालींच सोंपविलें होतें.

जमिनींत पुरून ठेवलेल्या द्रव्याचा दृष्टांत तुम्हांस ठाऊक आहे. तिनें कोणतेंही दान पुरून ठेवलें नाहीं. आपल्या शाळेंत घंटाही वाजते, मैदानही आहे. मग अभ्यास बुडाल्याचा दोष चेंडूवर घालावा काय?