गोल किती केले, एवढंच विचारू नका

दुधनीच्या आयाबापांनो,

भातकापणी झाली की मोकळ्या खाचरात पोरांचा फुटबॉल सुरू होतो. दिवेलागणीला पोर घामाघूम होऊन घरी येतं आणि आपण विचारतो, “गोल केलास का?” ‘नाही’ म्हटलं की पुढचं बोलणं ठरलेलं: “मग कशाला वेळ घालवतोस? खेळून पोट भरतं का?”

पोटाची काळजी खरी आहे. डोंगरउतारावरची शेती, पावसाळा सरला की सिल्वासाच्या कारखान्यात काम शोधायचं, अशा घराला मुलाच्या भविष्याचा घोर असणारच. म्हणूनच एका माणसाची वाटचाल तुमच्यापुढे ठेवते.

खालिद जमील. जन्म 1977चा, कुवेतमधला. खेळाडू म्हणून घडले ते मुंबईत. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी या संघांत ते मधल्या फळीत खेळले. मधल्या फळीतला खेळाडू गोल कमी करतो. पुढच्याला चेंडू पुरवायचा, मागच्याला मदत करायची आणि सगळं मैदान डोळ्यांत ठेवायचं, हे त्याचं काम. आपल्या तारपा नाचात तारपा वाजवणारा मधोमध असतो आणि सगळा फेर त्याच्या सुरावर वळतो, तसंच हे.

2009 मध्ये, वयाच्या बत्तिशीत, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. तिथे त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. मोठं विजेतेपद एकही नाही. मग मिझोरामच्या ऐझॉल एफसीने त्यांना बोलावलं. हा छोटा, कमी पैशांचा क्लब आदल्याच मोसमात आय-लीगमधून खालच्या विभागात ढकलला गेला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली होती. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी साधून तोच ऐझॉल आय-लीगचा विजेता झाला. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

पुढे कोलकात्याच्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागानमध्ये आय-लीगचं यश हुलकावणी देऊन गेलं. पण जमील थांबले नाहीत. 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने स्पॅनिश प्रशिक्षकाला हटवून संघ जमील यांच्या हाती दिला आणि त्यांनी तो उपांत्य फेरीत नेला. ऑगस्ट 2025 मध्ये तर भारतीय संघाचीच धुरा त्यांच्याकडे आली, पुन्हा एका स्पॅनिश प्रशिक्षकाच्या, मानोलो मार्केस यांच्या जागी. पुढच्याच महिन्यात भारताने ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. नंतर आशियाई चषकाची पात्रता मात्र हुकली. या कामात हारही पचवावी लागते, हेही मुलांना कळू द्या.

स्पेनच्या झाबी आलोन्सोचंही उदाहरण घ्या. 2010चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाच्या मधल्या फळीतला हा खेळाडू. निवृत्तीनंतर त्याने सुरुवात केली ती चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवण्यापासून. मग तीन मोसम रेआल सोसिएदादच्या दुय्यम संघाबरोबर घालवले. त्यानंतर जर्मनीच्या लेव्हरकुसेनला त्याने 2023-24 मध्ये लीगचं विजेतेपद मिळवून दिलं; 34 सामन्यांत एकही हार नाही. जगज्जेत्यालाही पोरांच्या संघापासून शिकावं लागलं.

मला सांगायचं आहे ते एवढंच: खेळात टिकणारी मुलं फक्त गोल करणारी नसतात. खेळ समजणारं, दुसऱ्याला सांभाळून घेणारं मूलही खेळाच्या आधारे उभं राहू शकतं. भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षक परवान्यांची डी, सी, बी, ए आणि प्रो अशी शिडी आहे. पदवीनंतर बी.पी.एड. केलं तर शाळेत क्रीडाशिक्षक होता येतं. पंच होता येतं. प्रत्येकाला यश मिळेल असं वचन कुणीच देऊ शकत नाही, पण वाटा आहेत आणि त्या आपल्या मुलांनाही मोकळ्या आहेत.

त्यासाठी घरात थोडं बदलूया. शाळा सुटू देऊ नका. परवान्याचे वर्ग असोत की पदवी, वाचता-लिहिता आल्याशिवाय पुढची पायरी नाही. संध्याकाळी मूल घरी आलं की विचारा, “आज कुणाला पास दिलास? कुठे चुकलं? उद्या काय करशील?” मोठ्या मुलाला धाकट्यांचा संघ सांभाळू द्या, शिकवण्याची पहिली शाळा तीच. सामना हरला म्हणून चारचौघांत बोलू नका. आणि मुलगी खेळायला निघाली तर पाणी भरायचं, भावंडं सांभाळायचं काम घरात वाटून घ्या. तिलाही मैदानावर तासभर मिळायला हवा.

गोल करणाऱ्याला टाळ्या मिळतातच. तुमचं मूल चेंडू पुढे देणारं असेल, तर पहिली शाबासकी तुम्ही द्या.