जुन्या गाडीला घरीच रंग द्यावा का?

प्रश्न : माझ्या जुन्या मारुती ८०० ला घरच्या घरी रंग देता येईल का?

उत्तर : येईल, पण रंग टिकतो तो खालच्या तयारीवर. गंज पत्र्यापर्यंत घासून काढला नाही, तर वरचा रंग फुगून सुटणारच. म्हणून बहुतेक वेळ घासकाम, प्रायमर, पुटी आणि पाणपेपर यांतच जायला हवा. गॅरेजात मारतात तोच रंग घरी का नको, असे तुम्ही विचाराल. कारण त्या हार्डनर मिसळायच्या टू-के रंगात आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि साधा धुळीचा मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. त्यामुळे घरी हार्डनर न लागणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगच घ्या. त्याची चमक लवकर उतरते, हे खरे. पण पॉलिश करून ती परत आणता येते, बिघडलेला श्वास नाही. एनसी रंगाचेही थिनर चटकन पेट घेते, तेव्हा मोकळ्या जागेत, वाफ रोखणारा मास्क लावूनच काम करा, आणि पावसाळा टाळा : दमट हवेत हा रंग पांढुरका पडतो.