आधी वाळव, मग कुजव

अगं, तुझा फोटो बघितला. उपटलेल्या गवताचा एवढा ढीग, आणि शेजारी तू कमरेवर हात ठेवून, रडवेली. खाली विचारलंयस, "ताई, हे सगळं खताच्या खड्ड्यात ढकलू का?" थांब! खुरपं खाली ठेव, चहा टाक आणि ऐक.

खरं सांगू का, मी हेच केलं होतं. पहिल्याच वर्षी लव्हाळा नि हरळी घमेली भरभरून खड्ड्यात ओतली, वर शेणकाला शिंपडला, आणि जूनमध्ये ते खत हौसेने वांग्यांना घातलं. वांगी आली चार. लव्हाळा असा माजला की सासूबाई म्हणाल्या, "लॉन केलंस वाटतं?"

बघ, लव्हाळ्याची पात हा नुसता देखावा, खरा संसार मातीखाली. एका गाठीतून दोरा निघतो, पुढे दुसरी गाठ, मग तिसरी, अशी माळच असते. पात ओढलीस की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठीही जाग्या होतात. म्हणून ओढू नकोस. माती ओलसर असताना कुदळ वीतभर खोल घाल आणि माळ अख्खी उचल. हरळीचं तर पेर न् पेर मूळ धरतं, तिचे तुकडे करत बसू नकोस. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच बाई!

आता खड्डा. तण मरायला आत 55-60 अंशांची ऊब बरेच दिवस टिकावी लागते. घरचा छोटा खड्डा आपला कोमटच. त्यात गाठी मरत नाहीत, उलट बाळसं धरतात.

तेव्हा लव्हाळ्याची पात वेगळी काढ. तिच्यावर तुरा आला नसेल तर खुशाल खड्ड्यात टाक. गाठी नि मुळ्या माती झटकून पत्र्यावर पसर, जमिनीवर मुळीच नको. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन-तीन आठवडे, पापडासारख्या उलटत राहा. मग दहाबारा गाठी कुंडीत पुरून पाणी घालून बघ. तीन आठवड्यांत कोंब आला नाही, तरच बाकीच्या खड्ड्यात जाऊ देत.

पावसाळ्यात हरळी निघाली तर ड्रममध्ये पाण्यात बुडव, वर दगड ठेव आणि डास होऊ नयेत म्हणून जुनी साडी घट्ट बांध. दीड-दोन महिन्यांत तिचा लगदा होतो. वास मात्र विचारू नकोस, आमच्याकडे शेजारच्या काकू मांजर मेलंय का बघायला आल्या होत्या. लव्हाळ्याच्या गाठी यात टाकू नकोस हं, त्या ओलीला पुरून उरतात. त्या गोणीत भरून कोरड्या जागी टांग, ऊन पडलं की पसर. आणि पेटवून द्यायचं तर मनातही आणू नकोस. शेजाऱ्यांच्या डोळ्यांत धूर जातो आणि ओल्या गाठी जळतही नाहीत.

घाबरू नकोस गं. नवा कोंब दिसला की आठ-पंधरा दिवसांनी खुरपत राहायचं, म्हणजे खालच्या गाठींची शिदोरी संपत जाते. विकतची माती किंवा शेणखत आणशील तेव्हाही आधी चाळून बघ, माझ्याकडे हा पाहुणा तसाच आला होता. माझ्या वाफ्यात अजून दर श्रावणात पाचसहा पाती डोकावतातच.

सगळी बाग एका रविवारी उरकू नकोस, आधी एकच वाफा घे. आणि पत्रा नसेल तर माझा जुना घेऊन जा, गच्चीवर पडूनच आहे.