खुब्याचं ऑपरेशन: कमरेतली सुई, उपास आणि पहिलं पाऊल

माझ्या आईचं वय 68. उजवा खुबा पार झिजलाय. नाशिकला सांधा बदलायचं ठरलं आहे. कमरेत सुई देऊन भूल देणार म्हणतात. इथे सगळे सांगतात, ती सुई घेतली की पाठ जन्माची दुखते. पूर्ण बेशुद्ध करूनच का करत नाहीत?
– एक शिक्षिका, सूर्यमाळ

बाई, पाठ जन्मभर दुखेल ही भीती मनातून काढून टाका. हीच सुई घेऊन सिझेरियन झालेल्या बायकांची पाठ दुखते ती बाळंतपणाने सैल झालेल्या स्नायूंमुळे आणि लगेच डोक्यावर हंडे आल्यामुळे. दोष मात्र सुईला लागतो. ही सुई फार बारीक असते. टोचलेली जागा दोनचार दिवस हुळहुळते. कुणाकुणाचं डोकं दुखतं, पण आईंच्या वयात ते कमीच होतं आणि त्यावर उपचार आहेत.

कमरेतल्या भुलीचे फायदे खरे आहेत. आई स्वतः श्वास घेत राहतात, घशात नळी जात नाही, रक्त कमी जातं, मळमळ कमी होते, त्यामुळे संध्याकाळी चहा घेता येतो. तरी मी तिचा हट्ट धरणार नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या 1600 रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात अभ्यास झाला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. साठ दिवसांनी किती जण चालू शकतात, यात कमरेतली भूल आणि पूर्ण भूल यांत फरक दिसला नाही. आईंचं हाड मोडलेलं नाही, तेव्हा हा निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लागू नाही. पण कणा वाकडा असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि भूलतज्ज्ञांनी पूर्ण भूल सुचवली, तर घाबरू नका.

माझ्या मते रुग्ण लवकर उठतो की नाही, हे ऑपरेशननंतर वेदना कशा सांभाळल्या यावर जास्त ठरतं. खुबा बदललेल्या माणसाला त्याच संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या सकाळी उभं करायचं असतं. त्यासाठी दुखणं कमी हवं आणि मांडीत जोरही हवा. नुसतं मॉर्फिन दिलं तर दुखणं थांबतं, पण चक्कर, उलटी, बद्धकोष्ठता मागे लागते. म्हणून आम्ही भूलतज्ज्ञ थोडंथोडं अनेक बाजूंनी देतो: पॅरासिटामॉल वेळच्या वेळी, मूत्रपिंड ठीक असेल तर सूज उतरवणारी गोळी, आणि सांध्याभोवती बधिरतेचं औषध. जांघेतली नस बधिर करणाऱ्या जुन्या इंजेक्शनने, म्हणजे ब्लॉकने, दुखणं थांबायचं, पण मांडी लटकी पडायची. टोरांटोच्या डॉक्टरांनी 2018 मध्ये वर्णन केलेला ‘पेंग ब्लॉक’ सांध्याच्या पुढच्या बाजूच्या नसा बधिर करतो आणि मांडीचा जोर बराचसा राखतो. भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, ‘आईला उभं करताना पायात जोर असेल ना?’ हा प्रश्न विचारणारे नातेवाईक मला फार आवडतात.

मी 26 वर्षांचा. मला सिकलसेल आहे. खुब्याचं हाड सुकलंय, सांधा बदलावा लागेल असं सांगितलं. भूल झेपेल का?
– एक तरुण, मोखाडा तालुका

दादा, झेपेल; पण ऑपरेशन रक्तपेढी असलेल्या आणि सिकलसेलची सवय असलेल्या रुग्णालयातच करा. विळ्यासारख्या झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात, म्हणून खुब्याच्या गोळ्याचं हाड तरुणपणीच मरतं. आपल्या आदिवासी पट्ट्यात हे नवीन नाही.

तुमच्या बाबतीत थंडी, तहान आणि प्राणवायूची कमतरता ही तीन खरी संकटं आहेत. यातलं कुठलंही आलं की पेशी पुन्हा वाकतात. म्हणून उपाशी ठेवायची वेळ आली की शिरेतून सलाईन सुरू व्हायला हवं आणि तुमचं ऑपरेशन यादीत पहिलं हवं. थिएटरच्या एसीत अंगावर गरम हवेचं पांघरूण हवं, सलाईनही कोमट हवं. हिमोग्लोबिन 10 च्या आसपास आणायला आधी रक्त द्यावं लागू शकतं. ते जुळवायला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी पोहोचून चालणार नाही. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरियाचं औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका. ऑपरेशननंतर वेदना सोसत पडून राहिलात तर श्वास उथळ होतो आणि छातीचा त्रास उद्भवतो. दुखलं की सांगा आणि श्वास आत ओढायचं यंत्र दिलं असेल तर तासातासाला वापरा. ताप, छातीत दुखणं, धाप यांपैकी काहीही झालं तर क्षणभरही थांबू नका.

आणि एक. सिकलसेलची साधी चाचणी वाहकालाही ‘पॉझिटिव्ह’ दाखवते. तुम्ही वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीच्या कागदावर असतं. तो कागद भूलतज्ज्ञांच्या हातात द्या.

रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको, असं सांगतात. म्हाताऱ्या माणसाला हे सोसतं का?
– एक वाचक, खोडाळा

सोसत नाही, आणि बहुतेकांना गरजही नसते. जेवण आठ तास आधी, हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी थांबवायचं. पाणी आणि कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. दुधाचा चहा, भाताची पेज आणि नाचणीची आंबील मात्र पाण्यात धरू नका. ही सगळी पोटात अन्नासारखीच राहतात. मधुमेहामुळे पोट सावकाश रिकामं होत असेल तर डॉक्टर वेगळी वेळ सांगतील, ती पाळा.

खरी तयारी चार आठवडे आधी सुरू करा. हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयात बघून घ्या. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना तेवढा वेळ लागतोच. बिडी आणि मिश्री त्याच दिवसापासून बंद. रोज दारू घेणाऱ्याने ती लपवू नये. ती अचानक तुटली की तिसऱ्या दिवशी माणूस बरळायला लागतो आणि सगळे भुलीला बोल लावतात. भगताची जडीबुटी घेत असाल तर तेही सांगा. कुणी रागावणार नाही. काहींनी रक्त पातळ होतं, म्हणून आम्हाला कळायला हवं.

घरी नेताना घाटाच्या रस्त्याने त्रास होईल का?
– त्याच शिक्षिका

पुढची सीट मागे सरकवून बसवा, खाली उशी घालून बैठक उंच करा आणि वाटेत उतरवून चार पावलं चालवा. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या गोळ्या सांगितलेल्या दिवसांपर्यंत चुकवू नका. उकिडवं बसणं सर्जन सांगेपर्यंत बंद, म्हणून शौचासाठी कमोडची खुर्ची आई घरी येण्याआधीच आणून ठेवा. पोटरी सुजली, धाप लागली किंवा जखम पाणावली तर सकाळची वाट न पाहता फोन करा.