आठवा सूर कशासाठी?

प्रश्न : जॅझ गिटार शिकतो आहे. स्केल पाठ आहेत, पण कॉर्ड बदलले की वादन भरकटतं. बीबॉप स्केलचा उपयोग होईल का?
– एक वाचक, रोहा

उत्तर : नक्की होईल. जी सेव्हन कॉर्ड घ्या आणि जी हा सा माना. खमाजात दोन्ही निषाद असतात. बीबॉप स्केलमध्येही आहेत, पण उतरताना लागोपाठ : सा, शुद्ध नी, कोमल नी, ध, प, म, ग, रे. गिटारवर पहिल्या तारेचे ३, २, १ हे पडदे, मग मोकळी तार, दुसरीचे ३, १ आणि मोकळी, तिसरीचा २.

एका मात्रेत दोन सूर वाजवा. ठोक्यावर सा, कोमल नी, प, ग एवढेच पडतात, म्हणजे अख्खा कॉर्ड! शुद्ध नी हा आठवा सूर नसेल, तर सात सुरांत हा हिशेब जुळत नाही. पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर खालचा जी येतो. तो सी कॉर्डचा पंचम, त्यामुळे सी मेजर आला तरी चपखल बसतो. जी सेव्हनच्या आधी डी मायनर सेव्हन असेल, तर त्यावरही हेच स्केल चालतं.

नेहमी चुकतं ते एकच : सुरुवात. ठोक्यावर सुरू करायचं तर कॉर्डमधल्याच सुरावरून करा.

कोलकात्याचे कार्लटन किटो (निधन २०१६) यांनी बीबॉप गिटार आयुष्यभर वाजवली आणि शिकवली. त्यांचं वादन मिळवून जरूर ऐका. मेट्रोनोम साठवर ठेवा, ओळ आधी गा आणि मगच वाजवा.